न वाचलेलं: एकशे बारा

लग्नाला सातच महिने झालेत. एवढ्या दिवसांत एका माणसाच्या एका मोबाइलवरून इतके किस्से साठतील, असं माहेरी साताऱ्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. लोकांना सवत असलीच तर एक असते. मला एकशे बारा!

राघवच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मोबाइलवर फीड रीडर आहे, त्यात एकशे बारा साइट्स. आवडत्या साइट्स त्यात एकदा ॲड केल्या की कुठेही काही नवीन आलं की ते आपोआप तिथे येऊन पडतं. चेन्नईत पेरुंगुडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये राघवची सकाळची कॉफी त्या रीडरबरोबरच होते. "आपल्या नजरेतून काही सुटत नाही!" हे त्यानं मला लग्नानंतर चौथ्याच दिवशी सांगितलं होतं.

खरंच सुटत नाही. जॉर्ज टाउनमधल्या पेनवाल्याकडे नवी हिरवी शाई आली, तर ते त्याला दुकानाचं शटर उघडायच्या आधी कळलं. "काय सुंदर हिरवा आहे गं!" मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला.

मी नवी हिरवी साडी नेसून उभी होते.

*

यादीत एक वैदेही आहे. राघवची कॉलेजातली मैत्रीण, प्रवासावर ब्लॉग लिहायची. चार वर्षांत एक ओळ नाही! मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बंद पडलेलं फीड काढून टाक ना."

"बंद नाही गं, गप्प आहे. उद्या लिहिलं तर?"

गप्प तर मीही असते. माझी कुणी अशी वाट बघत नाही!

*

सासूबाईंचं मराठी तंजावरचं आणि मोजकं. एकदा त्यांनी मोबाइलमध्ये बुडालेल्या राघवला तीन हाका मारल्या. ओ नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अय्यो, तू पण त्यातच शिर की! मग बघेल."

त्या विसरल्या. मी नाही.

*

मी नाव न घालता ब्लॉग सुरू केला. राघव आंघोळीला गेला तेव्हा तो त्याच्या रीडरमध्ये ॲड केला, बरोब्बर वैदेहीच्या खाली. "हे कधी ॲड केलं होतं मी?" तो पुटपुटला आणि वाचत बसला. एकशे तेरा फीड्सच्या धन्याला आठवणार तरी कसं!

आठवड्याभरात सुरू झालं. "ही बाई काय बारीक बघते! चेन्नईतलीच आहे हं." एकदा मी त्याला माझ्या नव्या नोकरीच्या इंटरव्ह्यूबद्दल सांगत होते, तर मध्येच म्हणाला, "आज तिनं काही लिहिलं नाही गं."

मला त्या बाईचासुद्धा राग यायला लागला!

*

परवा सकाळी तिघं टेबलाशी होतो. राघवनं मोबाइल उघडला आणि मोठ्यानं वाचलं, "'आज चौथा दिवस. नवऱ्याच्या कॉफीत साखर घातलेली नाही. बघू या, कधी कळतं.'"

खो खो हसला. "आई, ऐकलंस? कसला नवरा असेल हिचा!" आणि कॉफीचा टंबलर तोंडाला लावला.

सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि साखरेचा डबा आणून त्याच्यासमोर ठेवला.