द्राक्षबागेवरून गेलेली बोट

सीनेला पूर आला तेव्हा माझी पोस्टिंग पुण्यात होती. इंजिनिअर रेजिमेंट, रँक नायब सुभेदार, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ आंध्रात शिरलं, तिथं त्याचा जोर ओसरला असं बातम्यांत सांगितलं, आणि मग तेच ढग मराठवाड्यावर येऊन फुटले. ते सगळं पाणी सीनेच्या खोऱ्यात उतरलं. माझं गाव करमाळा तालुक्यात. आमच्याकडं सीना म्हणजे वर्षातला बराच काळ नुसती वाळू. शाळेत असताना आम्ही पात्रात क्रिकेट खेळायचो. त्या नदीसाठी बोटी घेऊन निघायचं आहे हे ऐकल्यावर मी कॅप्टन साहेबांना पुन्हा विचारलं, "सर, सीना?"

"सीना. माढा तालुका. मूव्ह इन वन आवर."

सिव्हिलियन माणसाला हे विचित्र वाटेल, पण खरं सांगतो, गाडीत सगळे खुशीत होते. जवान वर्षभर तलावात बोटी फिरवतो, दोऱ्या टाकतो, बुडालेला माणूस म्हणून वाळूची पोती वर काढतो. त्या पोत्यांच्या जागी जिवंत माणूस येणार, हे कळल्यावर अंगात वीज येते. सगळ्यांत जास्त उड्या मारत होता नाईक कुलवंतसिंग. गुरदासपूरकडचा, रावीच्या काठावर वाढलेला. ओबीएम, म्हणजे बोटीमागचं इंजिन, त्याच्या हातात असलं की रबरी बोट घोड्यासारखी वळायची.

"साब, आपके गाँव का पानी देखेंगे," तो म्हणाला.

"हमारे गाँव में पानी होता ही नहीं," मी म्हणालो. गाडी हसली.

कुर्डुवाडी ओलांडली आणि हसणं थांबलं. वाऱ्यानं विजेचे खांब वाकवलेले, घरांवरचे पत्रे उडून रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेले. पुढं रस्ताच पाण्यात गेला होता. ऊस दिसत नव्हता, फक्त शेंडे हलत होते. ज्या गावात आमचा तळ पडला तिथली शाळा उंचावर होती, म्हणून ती वाचली. सगळं गाव वऱ्हांड्यात बसलेलं. आम्ही उतरलो आणि लोक उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण इतक्या नजरा एकदम अंगावर आल्या, की आमची बोट फुगवायची गती दुप्पट झाली.

पहिला दिवस नुसता धावण्याचा. छतावरची माणसं, झाडावरची माणसं, गोठ्याच्या आढ्याला धरून बसलेलं एक जोडपं. कुलवंत बोट लावायचा, मी हात द्यायचो. बोट भरली की तो ओरडायचा, "चलो जी, स्पेशल गाडी!" आणि भेदरलेल्या बायकासुद्धा हसायच्या. शाळेत पोचलं की त्याच बायका आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायच्या. कुलवंतनं ती चटणी मुठीनं खाल्ली आणि डोळे पुसत आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निरोप आला.

"कंट्रोल फॉर बोट वन. नदीपार टेकडी पर धनगर फॅमिली. साथ में भेड़ें. निकालो. ओव्हर."

"बोट वन. रॉजर. आउट."

टेकडी कसली, उंचवटा होता. चहूबाजूंनी पाणी, वर चार माणसं आणि साठ-सत्तर मेंढरं. म्हातारा बिराप्पा, त्याची बायको, मुलगा आणि सून. मुलगा, सून आणि म्हातारी लगेच बोटीत आली. बिराप्पा काठी टेकून उभाच राहिला.

"मी न्हाय यायचो. मेंढरं हितं ठिवून कुटं जाऊ?"

"बाबा, आधी तुमी बसा. मेंढरांचं बघतो मी."

तो माझ्याकडं निरखून बघायला लागला. "तू हितलाच हाईस का रं?"

"व्हय. करमाळ्याकडचा."

"मग तुला ठावं असंल की. मेंढरू एकदा पाण्यात गेलं की लोकरीच्या वज्झ्यानंच बुडतंय."

मी कॅप्टन साहेबांना रेडिओवर विचारलं. आदल्या दिवशीची सगळी माणसं निघालेली होती, दुसरा कॉल नव्हता. "पहले फॅमिली. फिर भेड़ें. जब तक पानी ठीक है. आउट."

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मेंढरांचे पाय बांधून ती बोटीत आडवी घालायची, नदी ओलांडायची, उतरवायची, परत. बिराप्पा एकेकाला नावानं हाक मारून उचलून द्यायचा. एक मेंढा सुटला आणि त्यानं कुलवंतला ढुशी मारून पाण्यात पाडलं. कुलवंत वर आला तो हसतच. "साब, यह कोर्ट मार्शल होगा!" या काठावर गाव जमलं होतं. बोट लागली की गलका व्हायचा, पोरं कोकरं कवेत घेऊन पळायची. दोन दिवस रडून दमलेल्या गावाला त्या दुपारी जत्रेची कळा आली. मलाही आपण पन्नाशीला टेकलोय हे आठवत नव्हतं.

वाटेत एक मोठी द्राक्षबाग होती. लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा, सगळं पाण्याखाली. आम्ही तिला वळसा घालून जात होतो.

शेवटच्या फेरीला आठ मेंढरं राहिली होती आणि बिराप्पा.

"कंट्रोल फॉर बोट वन. पानी की पोझिशन? ओव्हर."

"बोट वन. पानी उतर रहा है. एक फेरा बाकी. ओव्हर."

"जल्दी करो. आउट."

लोकांना वाटतं पाणी उतरलं की धोका टळला. बागेच्या बाबतीत उलटं झालं. जे अँगल खोल होते ते आता पाण्याखाली जेमतेम वीतभरावर आले होते. तरी आम्ही वळशानंच चाललो होतो. अर्ध्यावर आलो आणि वरून एक अख्खी चिंच मुळासकट वाहत आली. कुलवंतनं बोट वळवली. झाड चाटून गेलं. बोट मात्र प्रवाहानं बागेत ढकलली गेली.

फस्सकन आवाज झाला. बोटीचा एका बाजूचा हवेचा कप्पा फाटला. पंख्यात तार गुंतली, इंजिन बंद. प्रवाहानं बोट तारांवर आडवी दाबून धरली आणि पाणी आत यायला लागलं. मेंढरं ओरडत होती. बिराप्पा त्यांच्यावर पालथा पडून त्यांना धरून बसला होता.

कुलवंतनं कटर घेतला आणि पाण्यात उतरला. एक तार तोडली. दुसरी तोडली. तिसरी, पंख्यात गुंतलेली, खाली होती. तो लाईफ जॅकेटचे बंद सोडायला लागला.

"कुलवंत, जॅकेट मत उतार."

"साब, नीचे जाना पड़ेगा. जॅकेट जाने नहीं देगा."

ते खरं होतं. दुसरा उपाय माझ्याकडं नव्हता. त्यानं जॅकेट बोटीत फेकलं. "इंजिन आप संभालो," म्हणाला आणि खाली गेला.

वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. मग बोटीला हिसका बसला आणि ती सुटली. मी इंजिनची दोरी ओढली, ते लागलं. मागं बघितलं तर कुलवंतचं डोकं पाण्यावर होतं. त्यानं हात वर करून पुढं जायची खूण केली. मी बोट त्याच्याकडं वळवली तोवर तो खाली गेला होता. तुटलेल्या तारेचा वेढा त्याच्या पायाला पडला होता, हे नंतर कळलं. मी दोनदा त्या जागेवरून गेलो. बोट बुडायला आली तेव्हा तिला काठाला लावली आणि दुसरी बोट घेऊन परतलो.

संध्याकाळी पाणी आणखी उतरलं तेव्हा तो सापडला. कटर मनगटाला बांधलेला तसाच होता.

शाळेच्या वऱ्हांड्यात गावातल्या बायकांनी त्याचं अंग पुसलं. बिराप्पा भिंतीला टेकून बसला होता.

"माज्या मेंढरापायी पोरगं गेलं की," तो म्हणाला.

"मेंढरापायी न्हाय बाबा. तुमी बी व्हता की बोटीत."

कॅप्टन साहेबांनी टोपी काढली, मग माझ्याकडं वळले. "सुबह छह बजे, बोट तैयार."

"जी सर."

सहाला आम्ही पाण्यात होतो. पाणी ओसरल्यावर आणखी आठवडाभर तिथंच राहिलो. विहिरी उपसल्या, शाळेतला चिखल काढला, मेलेली जनावरं पुरली. गावच्या लोकांनी आमच्या बरोबरीनं फावडी धरली. त्या दिवसांत कुणी दमलो असं म्हणालं नाही.

मी निवृत्त होऊन सोलापुरात राहायला आलो. फेब्रुवारीत कुलवंतचे वडील, सरदार महिंदरसिंग, गुरदासपूरहून आले. त्यांना ती जागा बघायची होती. मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. बाग पुन्हा उभी राहिली होती, थोडीफार द्राक्षंही धरली होती. बागाईतदारानं तोडलेल्या तारा फेकल्या नव्हत्या, जोड देऊन पुन्हा ताणल्या होत्या. सगळ्यांत खालची, तिसरी तार कोणती ते त्यानं जोडावरून दाखवलं.

महिंदरसिंगांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला. शेतकरी माणूस. गाठ पक्की आहे का ते आधी ओढून बघितलं.

"काम पूरा करके गया?" त्यांनी विचारलं.

"जी. आखिरी तार भी उसी ने काटी."

त्यांनी मान हलवली. बिराप्पा मघापासून बांधावर उभा होता. त्याला हिंदी येत नव्हती, त्यांना मराठी. तो पुढं आला, अंगावरची घोंगडी काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली.

सोलापूरचं ऊन तोवर चांगलंच तापायला लागलेलं असतं. महिंदरसिंगांनी गाडीत बसेपर्यंत घोंगडी खांद्यावरून उतरवली नाही.