कमी आवाजाचे घाटोळे

शांततेसाठी आयुष्य वाहून घेणारी माणसं विरळाच. घाटोळे काका त्यांपैकी एक होते, आणि ही गोष्ट ते आमच्या समता कॉलोनीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मोठमोठ्या ब्लोअरच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या अजस्र पंख्यांच्या देखभालीत वीस वर्षं काढल्यावर त्यांचा डावा कान गेला होता. उजवाही त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी नोकरी सोडायला सांगितलं होतं. काका म्हणाले, "सोडतो. पण पोटाले काय सांगू?"

माझं घर त्यांच्या भिंतीला लागून. सुट्टीच्या दिवशी पुढच्या खोलीत ते गेमिंगचे कॉम्प्युटर जोडत, दुरुस्त करत. शहरात महागडी ग्राफिक्स कार्डं येऊ लागली होती आणि मे महिन्यात ती पिठाच्या गिरणीसारखी घरघरत. कार्डाच्या पंख्यावरची धूळ चिमटीत धरून काका गिऱ्हाइकाचा पत्ता सांगत. "काळी, जड. बीरगांवची, कारखान्यांकडली." "हलकी, उदबत्तीची. आपल्याच पाऱ्यातली, मोहल्ल्यातली." सहसा चुकत नसत.

एकदा एक कॉलेजातली मुलगी आली. म्हणाली, "अंकल, फुल पावर चाहिए. आवाज़ चलेगा."

"तुले चालते. तुह्या आईले चालते काय?"

आई डॉक्टर. दवाखाना शेजारच्याच खोलीत. मुलगी खेळायला बसली की आईला रुग्णाच्या छातीतलं काही ऐकू येईना. काकांनी कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं. उष्णता जरा वाढली की पंखा एकदम उसळायचा, तो हळूहळू चढेल असं केलं. मग मुलीच्या कानाला हेडफोन लावून, कुठली मांडणी कोणती ते न सांगता, तिला दोन्ही तऱ्हांनी खेळायला लावलं.

"पडद्यावरच्या शंभर फ्रेममागे चार गेल्या. सांग बरं, कोणत्या चार?"

मुलीने दोनदा परत खेळून पाहिलं. "हव अंकल, यही वाला रखिए."

"शेवटच्या चार फ्रेमसाठीच अर्धी बोंबाबोंब असते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं असं : "पंखा बोंबलते तेव्हा कार्ड काम करत नाही, घाबरून राहिलं असते." मी एकदा विचारलं, ज्याला अर्धंच ऐकू येतं त्याला आवाजाची एवढी काळजी कशाला? म्हणाले, "तुमच्याजवळ दोन हायेत भाऊ, म्हणून तुम्ही उधळून राहिले."

मी तेव्हा शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात होतो. तिथे रस्ते माणसांच्या आधी आले होते आणि उद्घाटनाचे दगड रस्त्यांच्याही आधी. आमच्या साहेबांनी तरुणांसाठी गेमिंग हॉल काढायचं ठरवलं : चाळीस मशिनी, चाळीस भारी कार्डं. जोडणीचं काम मी काकांना मिळवून दिलं. पुढची तीन वर्षं देखभालही त्यांच्याकडेच राहणार होती. म्हणजे ब्लोअर सुटणार होता. मला आयुष्यात एखादं उपयोगी काम केल्यासारखं वाटलं.

काकांनी महिनाभर रजा काढून चाळीस कार्डं एकेक करून लावली. प्रत्येक कार्डाच्या कडेला एक बारीक खटका होता : एका बाजूला शांत, दुसऱ्या बाजूला जोरात. काकांनी सगळे शांतकडे ठेवले आणि प्रत्येकाच्या पंख्याचा वेग वेगळा बसवला. "दोन कार्डं सारखी नसतात," असं म्हणत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब आले, हॉलच्या मधोमध उभे राहिले.

"चालू है क्या?"

"चालू आहे साहेब. चाळीसही."

"तो आवाज़ क्यों नहीं आ रही?"

"बंद मशीनले आवाज नसते, अन् नीट चालणारीलेही नसते. फरक पाहायचा असन तर पडद्याकडं पाहा."

साहेब पडद्याकडे पाहायला आले नव्हते. "देखिए, अतिथि को पावर महसूस होनी चाहिए. सब खटके उधर कीजिए, और पंखे फुल."

मी काकांच्या उजव्या बाजूला जाऊन हळूच म्हणालो, "एका दिवसाचा प्रश्न आहे काका. परवा परत फिरवा."

ते माझ्यावर उखडले. "परवा काहून? आज चूक हाय तर आज नाही करत. ब्लोअरजवळही मले असंच सांगितलं होतं, दोन दिवसांचं काम हाय म्हणून." मग साहेबांकडे वळून अख्खा हॉल ऐकेल असं म्हणाले, "माह्या हातानं होणार नाही. दुसऱ्यानं केलं तर काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माही सही नाही."

साहेबांनी कॉम्प्युटरच्या एका शोरूमवाल्याला फोन केला. त्याने वीस मिनिटांत चाळीस खटके फिरवले आणि सहीही केली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. चाळीस कार्डं पूर्ण जोरात होती. भाषणातलं मागच्या रांगेपर्यंत काहीही पोचलं नाही. टाळ्या मात्र योग्य जागी पडल्या. काका शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभे होते. ते आले होते, कारण त्यांना येऊ नका असं सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

देखभाल शोरूमला मिळाली. काका ब्लोअरकडे परत गेले. दीड वर्षात उजवा कानही गेला. मी अपराधी तोंडाने भेटायला गेलो तर ते एका कार्डाच्या पंख्याची थरथर बोटाच्या टोकांनी तपासत होते. मी कागदावर लिहिलं, "त्या दिवशी सही केली असती तर?" त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला. "तर कान राहिला असता, अन् त्या कानानं मले त्या चाळीस बोंबलणाऱ्या मशिनी ऐकाव्या लागल्या असत्या. आता बरं हाय. गिऱ्हाईक काय म्हणते तेही ऐकू येत नाही." गेल्या पावसाळ्यात ते मुलीकडे नागपूरला गेले. तिथेही दुरुस्तीला कार्डं येतात म्हणे, कुरिअरने.

हॉलमधल्या आवाजाबद्दल तक्रारी सुरू झाल्या तेव्हा कार्यालयाने उपाययोजनेसाठी समिती नेमली. खटके परत फिरवा, एवढंच मी लिहून दिलं. समितीने त्याची नोंद घेतली आणि भिंतींना फोम लावण्याचं ठरवलं. फोमच्या रंगावर दोन बैठका झाल्या. मरून ठरला.