चूलबंद आवतण

माझ्या लग्नाची शूटिंग एका पेन ड्राइव्हमध्ये आहे. त्यात गुलाबाच्या पाकळ्या उडतात, मी लाजते आणि आमचा मांडव एखाद्या राजवाड्याला जोडून दिलेला दिसतो. मी ती कधी बघत नाही. मला माझं लग्न आठवतं ते आमच्या आतल्या खोलीच्या खिडकीतून, आणि तेही जास्त करून वासानं. ज्वारीची भाकरी निखाऱ्याशी उभी करून कडक करताना जो वास सुटतो ना, तो कुठंही आला की मी जिथं असेन तिथून उठून त्या खिडकीशी जाऊन बसते. भाजी करपते, नवरा हाका मारतो, मी आपली तिथंच.

आमचं गाव वडवणीपासून जवळच. त्या वर्षी कापसानं हात आखडला होता, म्हणून घरात आधीच ठरलेलं: लग्न दारातच करायचं आणि गावात आवतण द्यायचं ते घरटी एक. म्हणजे प्रत्येक घरातून एकच माणूस जेवायला. वऱ्हाड येणार होतं धर्मापुरीकडून, तेही भरपूर. त्यांना बुंदी, पुरी, वांग्याची भाजी आणि वरण-भात असा बेत कळवलेला. आईनं दादांकडून, म्हणजे माझ्या वडलांकडून, ते दोन शब्द घोकूनच घेतले होते. "घरटी एक म्हणायचं. जास्तीचं काई बोलायचं न्हाई."

दादा अक्षता घेऊन सकाळी निघाले ते उन्हं चढल्यावर परत आले. टोपी काढून खुंटीला लावली, पाणी प्यायले, आणि आईकडं न बघता म्हणाले, "चूलबंद दिलं."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं घर जेवायला. अख्ख्या गावाला चूलबंद म्हणजे गावावर धूरच दिसायचा नाही.

आई मटकन खाली बसली. "कावून? कावून दिलं वो?"

"पहिल्याच दाराला म्हाताऱ्यानं इचारलं, घरटी का चूलबंद? मला माझ्या लग्नापासून त्यांच्या नातवाच्या लग्नापातूर त्यांचं चूलबंद हाय. तोंडातून निघून गेलं. आन मंग एका दाराला एक, दुसऱ्या दाराला दुसरं कसं सांगायचं?"

मला राग आला होता, इतका की हातातलं सूप मी भिंतीवर आपटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण दादांचा चेहरा बघितला आणि सूप उचलून जागेवर ठेवलं. त्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हताच. लेकीच्या लग्नाला सगळा गाव येणार, याचा आनंद होता, आणि त्या आनंदामागून भीती हळूहळू वर येत होती. पंगत बसलेली आणि वाढायला काही नाही, वऱ्हाडासमोर, गावासमोर. आमच्याकडं माणूस त्यातून उठत नाही. लोक विसरल्यासारखं करतात, इतकंच.

दादा आणखी एक बोलून बसले. "शेवटची पंगत उठंस्तोर मी जेवणार न्हाई." हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आचारी आला, आकडा ऐकला आणि हसला. पुऱ्या एवढ्या माणसांना करायच्या तर तेलाचे डबे कोण आणणार, म्हणाला. बुंदी तर विसराच. सगळं घर ओसरीवर गोळा झालं.

तेव्हा मोठी आई बोलली. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. तिला बोलताना कुणी थांबवत नाही, कारण ती थांबत नाही. ती म्हणाली, "हरिनामाच्या सप्त्याला घरोघरच्या भाकरी येत्यात का न्हाई? मंग पोरीच्या लग्नाला आणायला काय झालं?"

आई म्हणाली, "चूलबंद दिलंय न्हवं. आता त्यांनाच भाकरी मागायच्या? त्यांनी चूल पेटवायची कशी?"

"लग्नाच्या दिवशी बंद. आदल्या दिवशी कोण बंद म्हणतंय? कडक भाकरी करू. चार दिवस ऱ्हाती. आमटीत चुरून खायची, पुरीची आठवण बी यायची न्हाई."

आचारी नाराज झाला. "लग्नात शिळी भाकर? लोक माजंच नाव घेतील."

"नाव घेतील तर आमटीचं घेतील. तू आमटी कर," मोठी आई म्हणाली, आणि तशीच चप्पल घालून गावात गेली. दादांनी चूलबंद दिलेल्या प्रत्येक दाराशी.

दुसऱ्या दिवशी मला हळद लागली. हळद लागलेल्या मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून मी खिडकीत. अंग पिवळं, ओलं, जड. आदल्या रात्री झोप नव्हती, त्यामुळं सगळं स्वप्नात असावं तसं वाटत होतं. दुपार कलली आणि गावातून थापण्याचा आवाज यायला लागला. आधी शेजारच्या घरातून, मग त्यापलीकडच्या, मग खालच्या आळीतून. थप थप थप. एक थांबला की दुसरा. ज्यांच्या घरी गॅसच असतो त्यांनीही अंगणात तीन दगड मांडले होते, कारण कडक भाकरीला निखारा लागतो. ज्वारीच्या भाकरीचा तो खमंग वास खिडकीतून आत आला आणि माझ्या हळदीच्या वासात मिसळला. धूर छपरांवरून संथ सरकत शेताकडं जात होता. मावळतीचं ऊन त्यात अडकून पडलं होतं. माझ्यासाठी एवढ्या चुली पेटल्यात, एवढंच मनात येत राहिलं. मी रडत नव्हते, पण गालावरची हळद ओघळत होती.

भाकरी आल्या त्या टोपल्यांतून, धुतलेल्या लुगड्यांत बांधून. त्या आमच्या धान्याच्या खोलीत भिंतीला उभ्या करून ठेवल्या. कुणाची ताटाएवढी, कुणाची तळहाताएवढी, कुणाची एका बाजूनं करपलेली. मोठी आई प्रत्येकीची भाकरी ओळखून नावं ठेवत होती. "ही बघ, हिला जल्मात गोल जमली न्हाई."

लग्नाच्या सकाळी मी खिडकी उघडली तर गावावर धूर नव्हता. चहाचासुद्धा नाही. आभाळ धुतल्यासारखं रिकामं, आणि फक्त आमच्या मागच्या वावरात आचाऱ्याच्या चुलाण्यावर आमटी रटरटत होती. गावानं शब्द पाळला होता. आता आमची पाळी होती.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. बुंदी वाढली ती चिमूटभर, देवाचा प्रसाद वाढावा तशी. वांगी घरच्या शेतातली. आणि मग भाकरी. वऱ्हाडातल्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं, मोबाइल काढले. मी व्यासपीठावरच्या त्या लाल खुर्चीवरून बघत होते आणि जीव मुठीत धरून बसले होते. त्यांच्यातले एक म्हातारे, नवऱ्याचे चुलत आजोबा, त्यांनी भाकरी दोन्ही हातांत धरली आणि कडाकडा चुरली. वर आमटी ओतून घेतली. एक घास घेतला, डोळे मिटले, आणि बसल्या जागेवरून ओरडले, "आमटी आणा बे हिकडं! लई दिसानं बरं खाल्लं!"

त्यानंतर मांडवभर भाकरी चुरल्याचाच आवाज. आचारी पळी घेऊन स्वतः पंगतीत फिरायला लागला, जणू भाकरीची युक्ती त्यानंच काढली होती. दादा अनवाणी, हात जोडून प्रत्येक ओळीतून जात होते. "सावकाश होऊ द्या. सावकाश होऊ द्या, पाव्हणं." दिवसभर मला त्यांचा हाच एक आवाज येत राहिला, कधी जवळून, कधी लांबून.

मला मात्र घास गिळवला नाही. फोटोपुरतं तोंडाला लावलं. मोठ्या आईनं माझं ताट तसंच झाकून ठेवलं, वाटेत भूक लागेल म्हणून.

पाठवणीची वेळ झाली. शेवटची पंगत उठली होती. सगळा गाव जेवला होता, कुणी उपाशी गेलं नव्हतं. बायकांनी आईला बळंच दोन घास भरवले होते. मी दादांच्या पाया पडले आणि विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो की मघाच."

त्यांचे ओठ कोरडे होते. मी मागं वावरात बघितलं. आमटीचं पातेलं पालथं घातलेलं होतं, घासून, धुऊन, आणि शेजारी भाकरीच्या रिकाम्या टोपल्या. त्यांच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं, आणि त्या दिवशी कुणाच्याही घरी मागायला जावं असं चुलीवरचं काही नव्हतं. सगळ्या गावाला आम्हीच तर चूलबंद दिलं होतं.

मी मोठ्या आईकडून माझं झाकलेलं ताट घेतलं आणि ओसरीवर त्यांच्यासमोर ठेवलं. दादा मागं सरकले.

"न्हाई गं. आता तू त्यांची, तुजं ताट बी त्यांचं. लेकीच्या ताटातलं, सासरच्या अन्नातलं बाप खात न्हाई."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजत होता. मला पुन्हा राग आला, पहिल्या दिवशीसारखाच, पण या वेळी तो डोळ्यांतून आला.

"दादा, आज गावात कुणाचीच चूल पेटली न्हाई. माजी सासरची कुठून पेटली? पेटल तवा नका खाऊ. आज तर मी तुमचीच हाय."

दादांनी मांडी घातली. भाकरी कडकच होती, हातात मोडताना आवाज झाला. बाहेर माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला, ड्रायव्हरला म्हणत होता, "बंद कर बे हॉर्न." वाटीतली आमटी गार झाली होती, तिच्यावर तेलाचा तवंग जमला होता. दादांनी पहिला घास कालवला आणि आधी माझ्याकडं धरला. मी तो खाल्ला. मग ते खायला लागले, खाली मान घालून, भराभरा, लोक थांबलेत म्हणून.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हातावरची मेंदी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळी दिसत होती.

"सावकाश होऊ द्या, दादा," मी म्हणाले.