बाबूजी बर्फीवर कसे आले

बर्फीवरची मिशी मी काढलेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक गेले कित्येक महिने तसे सांगत फिरत आहेत. बॉलपेनने काढली, म्हणे. मदनशेठचे चिरंजीव प्रवीण सांगतात की, पाकिटाचा संशय प्रथम त्यांना आला. तेही खरे नाही. एका स्थानिक साप्ताहिकाने तर चमत्कार घडल्याचे छापून टाकले. त्या दिवशी आरंभापासून अखेरपर्यंत शुद्धीवर असलेला मनुष्य मी एकटाच होतो. तेव्हा हकिगत माझ्याकडूनच ऐकावी.

माझी नोकरी गुजरातेत झाली. वेफर्स, शेव, बिस्किटे ज्या रंगीत पाकिटांतून मिळतात, ती पाकिटे छापणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी मॅनेजर होतो. शाई तपासायची, फिल्म तपासायची आणि मालकाशी भांडायचे, असे कामाचे साधारण स्वरूप. निवृत्तीनंतर नंदुरबारला घरी परतलो. गावात छापील पाकिटांतले कळणारा दुसरा कोणी नसल्याने अधूनमधून बोलावणे येई. मदनशेठचे बोलावणे असेच आले.

शेठचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले. पुढे मिठाईचे दुकान, मागे कारखाना, वर घर. त्यांचे वडील, ज्यांना सारा बाजार बाबूजी म्हणत असे, वर्षापूर्वी वारले होते. पहिल्या पुण्यतिथीला धडगावकडच्या आश्रमशाळांतील मुलांना मावा बर्फीचे एकेक पाकीट वाटायचे ठरले होते. पाकिटांचे रोल छापून आले होते. शेठने एक पाकीट फोडून माझ्यापुढे ठेवले.

"साहेब, फक्त एक सही पाहिजे. पाकीट फूड ग्रेड आहे म्हणून. शाळावाले मागतात."

पाकीट बाहेरून कोरे, चंदेरी. मी आत पाहिले. आतून बाबूजी माझ्याकडे पाहत होते. भगवा फेटा, काळीभोर मिशी, डाव्या गालावर तीळ.

"शेठ, फोटो आतल्या बाजूला?"

"मग? बाहेर छापला तर रिकामं पाकीट रस्त्यावर पडणार, लोकांचे पाय लागणार. माझा बाप पायाखाली? म्हणून आत घेतला. पोरानं पाकीट फोडलं की आधी दर्शन, मग बर्फी."

शेठच्या चेहऱ्यावर समाधान होते. मी चष्मा लावून पुन्हा आत पाहिले.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चांगल्या पाकिटाला किमान दोन पदर असतात. बाहेरच्या पदराच्या आतल्या अंगावर उलटे छापतात आणि त्यावर दुसरा पदर चिकटवतात. पुरण जसे पोळीच्या आत राहते, तशी शाई दोन पदरांच्या मध्ये राहते. तिला ना हात लागतो, ना अन्न. छापील बाजू अन्नाला लागू द्यायची नाही, हा आमच्या व्यवसायातला पहिला नियम. शेठच्या पाकिटात शाई सर्वांत आत, उघडी होती. बर्फी थेट बाबूजींना टेकणार होती.

आणि शाई म्हणजे नुसता रंग नव्हे. तिच्यात रंग धरून ठेवणारे रेझिन असते, ती तडकू नये म्हणून प्लॅस्टिसायझर असते, पातळ करण्यासाठी थिनरच्या जातीची सॉल्व्हंट असतात. या मंडळींना तुपाचे भारी आकर्षण. तूप आणि ऊब मिळाली की ती पाकीट सोडून अन्नात उतरतात. याला मायग्रेशन म्हणतात. एका पाकिटाने कोणी आजारी पडत नाही. आमची खरी अडचण हीच आहे. खाणाऱ्याला लगेच उलटी झाली असती, तर मला आयुष्यभर वाद घालावे लागले नसते. यातली काही रसायने वाढत्या मुलांच्या हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतात, अशी जाणकारांना चिंता आहे. पाकिटे जाणार होती ती नेमकी वाढत्या मुलांकडे.

"सही करणार नाही," मी म्हणालो.

प्रवीणने मोबाइल पुढे केला. तो पुण्याहून एमबीए करून आलेला. दाढी-मिशी गुळगुळीत उतरवलेला, तरतरीत मुलगा. "अंकल, सर्टिफिकेट आहे. व्हॉट्सॲपवर आलंय. फूड ग्रेड."

"हे फिल्मचं आहे. शाईचं नाही. दूध शुद्ध असल्याचा दाखला दाखवून त्यात पडलेली पाल खपवता येत नाही."

ज्यांना संशय प्रथम आला, असे आज सांगितले जाते, ते प्रवीण हेच.

शेठने छापखान्याला फोन लावून स्पीकर चालू केला. तो सुरतेकडचा.

"काका, टेन्शन ना लो," पलीकडून आवाज आला. "बधुं फूड ग्रेड छे."

"शाईसुद्धा?" मी विचारले.

"शाई पण."

"मग एक रोल घ्या आणि व्हिडिओ कॉलवर चाटून दाखवा. मी लगेच सही करतो."

पलीकडे रेंज गेली.

शेठ दुखावले. "साहेब, तुम्ही नुसतं बोलता. लॅबचा रिपोर्ट दाखवा, मी मानतो."

मागणी रास्त होती. पण लॅबचा रिपोर्ट यायला कित्येक दिवस लागतात आणि पुण्यतिथी येत्या सोमवारी होती. तेव्हा मी नंदुरबारच्या उन्हाची लॅब केली. एप्रिल महिना होता. दोन पाकिटे घेतली, एक साधे आणि एक बाबूजींचे. दोन्हींत एकाच ताटातली पांढरी मावा बर्फी, एकेक सपाट वडी. ती शेठच्या डोळ्यांसमोर सील केली आणि अंगणात उभ्या पिकअपच्या केबिनमध्ये ठेवली. वर साखरेचे पोते ठेवले, कारण धडगावच्या घाटात पाकिटांवर पाकिटे रचली जाणार होती. काचा वर केल्या. गाडीची किल्ली शेठच्या खिशात गेली. मुख्याध्यापक महाशयांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. किल्ली शेठच्या खिशात होती. मी कारखान्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो.

चहाच्या वेळेला शेठने स्वतः गाडी उघडली. पाकिटे पॅकिंगच्या टेबलावर आणली. ती कापायला दिली सुनंदाबाईंना. जवळच्या कोरीट गावच्या या बाई पॅकिंग विभाग सांभाळतात आणि त्यांच्या तोंडाला शेठही वचकून असतात; मला त्या अप्पा म्हणतात. पहिली वडी पांढरीशुभ्र निघाली. दुसरी निघाली आणि सुनंदाबाईंनी कात्री टाकली.

"अप्पा! शेठना बाप बर्फीवर ई बठना!"

खरोखरच येऊन बसला होता. फेटा फिकट होता, डोळे अंधूक. पण काळी शाई सर्वांत दाट असल्याने मिशी मात्र ठसठशीत उमटली होती. मी विजयी मुद्रेने शेठकडे वळलो. ज्या क्षणासाठी माणूस एवढी वर्षे नोकरी करतो, तो हा क्षण होता. तो मला चाखता आला नाही, कारण आरडाओरडा ऐकून जिन्यावरून मांजी खाली आल्या होत्या.

मांजी म्हणजे शेठच्या आई, बाबूजींच्या पत्नी. त्यांनी वडी पाहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"आले," त्या म्हणाल्या. "बर्फीवरच आले."

"मांजी, ही शाई आहे. तुपामुळे..."

"तुम्हाला काय ठाऊक? डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला आणि मी कपाटाला कुलूप लावलं. हलवायाच्या घरात राहून शेवटपर्यंत फिकं दूध पाजलं त्यांना. एकदा म्हणाले, एक तुकडा दे. दिला नाही मी. म्हणून आले."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. अशा वेळी रेझिनबद्दल बोलता येत नाही, एवढे मलाही कळते.

प्रवीणला मात्र बारीक नजर. "दादी, तीळ बघ. बाबूजींचा डाव्या गालावर होता. इथं उजव्या गालावर आहे."

"आरशासमोर दाढी करताना असेच दिसायचे," मांजी म्हणाल्या आणि प्रश्न संपला.

वास्तविक हा तीळच माझा पुरावा आहे. रबरी शिक्क्यावरची अक्षरे कागदावर जशी उलटी उमटतात, तसा छापाला टेकलेल्या वडीवर चेहरा उलटा उतरतो. मी फोटो पाहून पेनाने काढला असता, तर तीळ डावीकडेच काढला असता. हा मुद्दा कट्ट्यावर तीनदा मांडला. मुख्याध्यापक तीनही वेळा विषय बदलून पावसावर गेले.

मांजींपाठोपाठ शेठही विरघळले. त्यांनी चपला काढल्या. कोणीतरी हळद-कुंकू आणले. सुनंदाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अप्पा, हाई खावानं शे का पुजानं? एक काय ते सांगा, मन्ही कात्री थांबेल शे." तेवढ्यात शेठच्या डोक्यात एक तेजस्वी कल्पना आली.

"साहेब, म्हणजे प्रत्येक वडीवर असंच येणार? प्रत्येक पोराला दर्शन?" त्यांनी पुन्हा छापखान्याला फोन लावला. "भाई, पुढच्या रोलला शाई जरा दाट मारता येईल का? चेहरा फिका येतोय."

आता छापखान्याला उत्तम रेंज होती. "थई जशे काका! एकदम डार्क!"

माझी काय अवस्था झाली असेल, ती वाचकांनी ताडावी. मी शाई थांबवायला आलो होतो. माझ्या प्रयोगामुळे ती दाट होऊ लागली होती. मायग्रेशन, सॉल्व्हंट, हार्मोन हे सगळे शब्द माझे या घरात सांगून झाले होते, आणि त्यांतला एकही त्या मिशीपुढे टिकणार नव्हता. रागावून निघून जाणे शक्य होते. पण मग सोमवारी त्या मुलांच्या पोटात काय जाणार, हे मला ठाऊक होते.

मी स्टूल ओढून टेबलाशी बसलो.

"फार छान," मी म्हणालो. "सुनंदाबाई, सुरी द्या. एवढा प्रसाद समोर आहे, तर वाटून घेऊ."

सुरी हातात आली. मी ती बाबूजींच्या कपाळावर टेकवली.

"फेटा मांजींना. डोळे शेठना. मिशीचा तुकडा कोणाला?"

सुनंदाबाईंना शांतता सोसत नाही. "मिशी प्रवीणभाऊले द्या. त्यासले अजून फुटी नही ऱ्हायनी."

प्रवीण दोन पावले मागे सरला. "मी गोड खात नाही, अंकल."

"मग शेठ, तुम्ही घ्या."

"साहेब, थांबा! सुरी बाजूला घ्या! बाप आहे तो माझा!"

"अहो, खायचीच वस्तू आहे. सोमवारी धडगावची सगळी पोरं हेच करणार आहेत. कोणी फेट्याकडून सुरुवात करेल, कोणी हनुवटीकडून. आश्रमशाळेतली भुकेली पोरं, चाटूनपुसून खातील."

शेठचा चेहरा उतरला. पण शेठ काही बोलण्याआधी मांजी बोलल्या. प्रश्न माझा होता हे मी छातीठोकपणे सांगतो. परंतु पुढचे वाक्य मांजींचे आहे. प्रवीण ते हल्ली स्वतःचे म्हणून सांगतात, म्हणून हा खुलासा.

"मदन," त्या मुलाला म्हणाल्या, "पायाखाली येऊ नयेत म्हणून आत घातलंस, आणि दाताखाली दिलंस?"

"मांजी, माझा तसा हेतू..." शेठ सांगू लागले.

"एक पाकीट धडगावला जाणार नाही. एकसुद्धा नाही. त्या फोनवाल्याला सांग, दाट नको, पातळ नको, काहीच नको."

शेठने सांगितले. पलीकडून छापखाना बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. पण मांजींनी शेठच्या हातातून मोबाइल घेऊन बंद केला. कोणते बटण दाबायचे, हे त्यांना नीट ठाऊक होते.

सोमवारी मी पिकअपमध्ये शेठच्या शेजारी बसून धडगावला गेलो. बर्फी स्टीलच्या डब्यांत होती. बाबूजी काचेच्या फ्रेममध्ये, पुढे बॉनेटवर हार घालून बांधलेले. घाटात समोरून येणाऱ्या जीपमधली माणसे नमस्कार करत होती. मुलांनी खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांवर बर्फी घेतली आणि पुन्हा मागितली. फोटोकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. एका मुलीने फक्त विचारले, "हे आजोबा बर्फी करायचे का?" शेठने होय म्हणून सांगितले आणि तिला आणखी एक वडी वाढली.

ती प्रयोगाची वडी मांजींनी प्रकाशा या तीर्थाच्या गावी नेऊन तापी नदीत सोडली. माशांच्या वतीने मी हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही.

छापील रोल अजून शेठच्या गोदामात आहेत. अन्नाला वापरता येत नाहीत. भंगारवाल्याला द्यायचे तर तो बाबूजींवर पाय देऊन रोल चढवणार. जाळायचे म्हटले, तर मांजी म्हणतात की एकदा जाळले तेवढे पुरे. त्यामुळे रोज सकाळी दुकान उघडण्याआधी रोलच्या थप्पीला उदबत्ती लागते. प्रवीण मला विचारतो, "अंकल, याचं काय करायचं?" मी सांगतो, हा प्रश्न पॅकेजिंगच्या कक्षेत येत नाही.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. रिपोर्ट न्या, नियम न्या, सगळे न्या. पण समोरचा माणूस कशाला भितो, हे आधी पाहून घ्या. विषाची भीती नसलेली माणसे मी रोज पाहतो. वडिलांना चावायला तयार असलेला मात्र अजून एकही भेटलेला नाही.