बावीस वर्षांची धडधड

साठाव्या वर्षी पोहायला शिकले म्हणून टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात मला बोलावलं होतं. सुनंदाताई बावीस वर्षं तो कार्यक्रम करताहेत. रोज चहा पिताना मी त्यांना बघते. त्या दिवशी त्या थेट माझ्या शेजारी बसल्या होत्या! थेट प्रक्षेपणाला मिनिटभर उरलं आणि मी ठरवून आणलेलं सगळं बोलणं विसरले. धीर द्यायला त्यांनी माझा हात धरला, तर त्यांचाच हात बर्फासारखा गार!

"अहो, तुम्हालासुद्धा भीती वाटते?"

"रोज! पहाटे चारला जाग येते, तेव्हापासून पोटात गोळा असतो."

"मग इतकी वर्षं कसं केलंत?"

"तो गोळा येतो म्हणून तर उठावंसं वाटतं!" त्या खुदकन हसल्या.

मला वाटायचं, सवयीनं माणूस निवांत होतो. या बाईंनी बावीस वर्षं एकही सकाळ जुनी होऊ दिली नव्हती. काय भाग्य म्हणायचं हे!

कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा लागला. त्यांनी प्रसन्न चेहऱ्यानं महाराष्ट्राला नमस्कार केला आणि मला पहिला प्रश्न विचारला. मी जी बोलत सुटले, ती वेळ संपल्याची खूण झाली तरी थांबेचना!