मिशी पुसलेला मुकादम

आमच्या पाथर्डीकडच्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असायचं, कारण आई-वडील ऊसतोडीला जायचे. परवा माळ्यावर जुनी फ्लॉपी सापडली आणि श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आठवला. स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातला मारामारीचा गेम बघून मी त्या कॉम्प्युटरवर तसाच एक गेम बनवला होता. त्यात माझी आई त्यांच्या ऊसतोड टोळीच्या मिशाळ मुकादमाशी लढायची. तोडीला जाताना ती मला भेटायला कॉलेजात आली, तेव्हा चपला कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसून तिनं पडद्यावर स्वतःला बघितलं. "ही मी हाय व्हय?" म्हणून हसली, पण मुकादम दिसताच तिचा चेहरा उतरला. "त्याला कळलं तर टोळीतून काढंल आमाला. मग तुझं कॉलेज कशावर चालायचं?" "त्याला कोण सांगतंय, आई?" "तू मिशी काढ आधी. मिशीवरनं कुनीबी वळखंल." मी एकेक ठिपका पुसून मिशी काढली. तिनं वाकून नीट खात्री केली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता सांग, कुठलं बटन दाबायचं?" पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि नोकरी लागल्यावर आईची ऊसतोड कायमची बंद केली.