लेखन अडलंय? मग जंगलात जा म्हणे!

मंडळी, 'नवलेखकांसाठी उपयुक्त साइट' म्हणून या ग्रुपवर लिंक कोणी टाकली होती?

माझ्या कथेचा शेवट कधीचा अडलाय. म्हणून ती साइट बघायला आज मुद्दाम एटापल्लीहून एसटीनं गडचिरोलीच्या नेट कॅफेत आले.

आमच्याकडे लाइनीचा, म्हणजे विजेचा, भरोसा नाही. त्यामुळे आधी प्रिंट काढायची, वाचायचं नंतर. पान अर्धं उघडलं अन् लाइन गेली. लाइन आली तर नेट गेलं. दुपारी एकदाची प्रिंट हाती आली.

बसस्टँडवर बसून वाचायला घेतली. पहिलाच सल्ला: 'लेखन अडलं असेल तर चार दिवस इंटरनेटपासून दूर, एखाद्या जंगलात जाऊन राहा.'

तणतणत परत कॅफेत आले. कॅफेवाले सलीमभाऊ ते वाचून हसतच सुटले. "बाई, तुमी तिथूनच तं आल्या!"

"मले माहीत आहे भाऊ! हासून काऊन राह्यले? कॉम्प्युटर चालू करा."

अहो सल्ला देणाऱ्यांनो, मी त्या जंगलातच राहते. माझी कथा तिथंच अडली आहे. आता लिहायला मी कुठं जाऊ, सांगा ना कोणीतरी!

शेवटची बस लागली वाटतं. निघते. सल्ला पाळायला.